कुंदाच्या नडगीविषयी

अंबरनाथ पूर्व
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय उमा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्यात तुझ्या शाळेतल्या कुंदाबद्दल लिहिलं आहेस, ते मी चार वेळा वाचलं. पोरीची नडगी दुखते, पुढच्या महिन्यात तिची शर्यत आहे, नाशकातले कुणी फिजिओथेरपिस्ट तिला पळताना व्हिडिओवर घेऊन तपासतो म्हणतात, आणि तिच्या वडिलांनी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस की कॅमेऱ्याच्या नादी लागू नका, माझा पाय त्यातच गेला. त्यावर मला काही सांगायचं आहे. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे. तुझी आई म्हणायची, ह्यांना कल्याणला जायचं असलं तरी हे कर्जतवरून जातील.

इकडे ठीक आहे. वाटीभर तांदूळ शिजवतो, तरी भात उरतो. शेजारच्या मोतीबाई अधूनमधून भाकरी देऊन जातात आणि दारातूनच परत फिरतात, कारण मी एकदा बोलायला लागलो की सोडत नाही. बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे मी हल्ली रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देतो. तुझ्या पत्रांची मी किती वाट बघतो हे लिहिलं तर तू हसशील, म्हणून लिहीत नाही.

पद्मजाबाईंचा तो एका खोलीचा फिजिओथेरपीचा दवाखाना आठवतो का, असं विचारणं मूर्खपणाचं आहे. पण किशनचंद आठवतो का? एक्क्याण्णवच्या जून महिन्यात तुझी नडगी दुखायला लागली तेव्हा बाईंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं की पळणाऱ्याला कॅमेऱ्यात पकडून, चित्र थांबवून थांबवून बघितलं की दुखण्याचं मूळ सापडतं. कॅमेरा आणायचा कुठून? उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून मी लग्नांचं शूटिंग करणारा किशनचंद पकडून आणला. वसाहतीच्या मैदानावर तू पंधरा फेऱ्या मारल्यास आणि ह्या पठ्ठ्यानं तासभर फक्त तुझा चेहरा घेतला. पाय कुठेच नाहीत. बाईंनी विचारलं तर म्हणतो, "मॅडम, दुल्हन का मुँह छोड़ के पैर कौन देखता है?" शिवाय टेप देताना कडेला गुलाबाच्या पाकळ्या आणि मागे सनई घालून दिली, ते त्याच्याकडून फुकट. पद्मजाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून मोठ्या टिकल्यांची पाकिटं आणली आणि तुझ्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर, टाचेवर टिकल्या चिकटवल्या. किशनचंदला सांगितलं, टिकली दिसली नाही तर मेहनताना नाही. मग भाड्याच्या व्हीसीआरवर टेप थांबवायची, टीव्हीच्या काचेवर पारदर्शक कागद लावायचा आणि टिकलीपासून टिकलीपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढायची. उजवा पाय टेकला की तुझी डावी कंबर खाली जायची, गुडघा आत वळायचा आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडायचं. चार वर्षं मी मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा होतो आणि त्यातलं मला काही दिसलं नव्हतं. मी फक्त सेकंद बघत होतो.

त्या चार महिन्यांत बाईंनी तुझ्यावर किती मेहनत घेतली ते तू विसरली नसशील, नुसतं आठवायचं टाळत असशील. एका पायावर उभं राहणं, कुशीवर झोपून पाय उचलणं, आणि बाई टाळ्या वाजवत कडेकडेनं चालायच्या, त्या टाळ्यांवर तू लहान लहान पावलं टाकायचीस. बायका गच्चीवरून बघायच्या, तू लाजायचीस. पण पळणं बदललं. मलासुद्धा कळण्याइतकं बदललं. ऑक्टोबरात पुन्हा चित्रण केलं आणि नोव्हेंबरात तू पुण्याच्या निवड चाचणीला गेलीस. तिसऱ्या फेरीत तुझ्या नडगीचं हाड मोडलं. तो आवाज मला स्टँडपर्यंत ऐकू आला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आला नव्हता. तू खाली बसलीस तेव्हा मी घड्याळातच बघत होतो.

नंतरचा तो बाजारातला दिवस. तू कुबड्यांवर, मी मागे मेथीची जुडी घेऊन, आणि समोरून पद्मजाबाई. तू चारचौघांत त्यांना म्हणालीस, "माझी चाल बदलून तुम्ही माझा पाय मोडलात." बाईंनी तुझ्याकडे बघितलं, मग तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "प्लास्टर भिजू देऊ नकोस," आणि निघून गेल्या. ती गोष्ट गावभर झाली. त्यांच्याकडे येणारी पळणारी पोरं थांबली. आता तिथे म्हाताऱ्यांचे गुडघे येतात. माझाही डावा गुडघा दुखतो, पण मी उल्हासनगरला दाखवतो.

उमा, ऑक्टोबरातली ती टेप तू पाहिलेली नाहीस. तू पेपर द्यायला गेली होतीस, मी एकटाच दवाखान्यात होतो. बाईंनी चित्र थांबवून दाखवलं आणि म्हणाल्या, "नाना, तिची ढब सुधारली आहे, पण उजवा पाय टेकला की ती लगेच उचलते आहे. हाडाला चीर पडायला लागली असावी. आजच एक्स-रे काढा आणि आठ आठवडे पळणं बंद." मी म्हटलं, मी तिला सांगतो. घरी आलो. तू विचारलंस, बाई काय म्हणाल्या? मी म्हटलं, उत्तम आहे म्हणाल्या, पुण्याला जा. तुला सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत दवाखाना नको, आणि बाईंना सांगितलं की तू विश्रांती घेते आहेस. वसाहतीत तुझ्या अभिनंदनाचा फलक रंगवायला दिला होता, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना मी सांगून बसलो होतो. चाचणीला बारा दिवस होते. बाई उगाच बाऊ करतात, असं मी वाटून घेतलं. वाटून घेतलं म्हणतो, कारण खरं तसं वाटलं नव्हतं. तुझा पाय बाईंनी मोडला नाही, मी मोडला.

तुझं पत्र आल्यावर काल मी पाच वर्षांनी त्यांच्या दवाखान्याची पायरी चढलो. त्या दिवशी बाजारात गप्प का राहिलात, असं विचारलं. म्हणाल्या, "पाय गेला होता, आई आधीच गेलेली, त्यात बापही काढून घ्यायचा का?" मी मात्र केवळ ह्या आशेनं गप्प राहिलो की तुझा राग त्यांच्यावर आहे तोवर तू माझ्याशी बोलत राहशील. तशी तू राहिलीसही. ह्या घरात येणारी तुझी सगळी पत्रं मी त्या खोट्यावर मिळवली आहेत, आणि आणखी दहा वर्षंही मिळवत राहिलो असतो, इतका मी एकटा आहे. पण आता त्यात एका पोरीचा पाय आला आहे. पत्र वाचून संपलं की आधी कुंदाच्या घरी जा. तिच्या वडिलांना सांग की तुझं चुकलं होतं, तिला आजपासून पळू देऊ नका, एक्स-रे काढा आणि त्या कॅमेऱ्यासमोर उभी करा. ते म्हणतील, महिनाभराचाच प्रश्न आहे, पोर सहन करेल. तेव्हा त्यांना माझं नाव सांग, आणि मी काय केलं तेही सांग.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझाच,
नाना