ओळखीचा खेळ

२ नोव्हेंबर, रविवार
मंदार सहाच्या बसने प्लँटवर. चहा दोनदा गरम केला, तरी प्यायचा राहिलाच.

तन्मयच्या फायली आल्या. एकोणीस हजार डाव. प्रत्येक डावाच्या सात-आठ ओळी, कोणी किती लावले, कोणी पानं टाकून डाव सोडला, विचाराला किती सेकंद घेतले. समोरच्याचं खरं नाव नाही, नुसतं 'नॉर्थ८'. सोळापासून सामना, फक्त दोघांचा, दहा दिवस. "ताई, ह्या माणसाचं कच्चं काय आहे तेवढं शोधून दे. मी सगळं ह्यात लावतोय." भारतात पैशाचा ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून तो व्हिएतनामला खोली घेऊन राहतो. पुण्यात आम्ही एकाच टेबलावर खेळायचो, तो सहा वर्षांनी लहान. मी लग्न ठरल्यावर सोडलं, त्याने नाही.

मंदारला सांगितलं. जेवता जेवता थांबला.
"तू खेळत नाहीयेस ना?"
"वाचते फक्त. साइट उघडतसुद्धा नाही."
"सौदीत हा फरक कोणाला समजावणार तू? तुझा राहायचा परवाना माझ्या इकाम्यावर आहे. एकाचा गेला की दोघांचा खलास."
मग भात वाढून घेतला. नको म्हणाला नाही. हो पण नाही.

४ नोव्हें.
दिवसभरात बोलले ते एवढंच: बकालातल्या दुकानदाराकडे रोट्या मागताना, "खुब्ज, दोन." तो बांगलादेशी, हिंदीत म्हणाला, "मॅडम, आज ताजा है." चांगलं वाटलं. कोणीतरी काहीतरी सांगितलं.

यान्बूत दीड वर्ष झालं. शेजारची शीबा नर्स, तिच्या ड्यूट्या. बाकी बायका मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर. आम्हाला मूल नाही, म्हणून ग्रुप नाही.

३१०० डाव वाचून झाले. हा घाईचा माणूस नाही. नीटनेटका.

६ नोव्हें., गुरुवार
एक सापडलं. मोठा पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, हरला की नॉर्थ८ पुढचे दोन डाव लगेच टाकून देतो. प्रत्येक वेळी. एकदा हातात दोन एक्के, सगळ्यात भारी पानं, आले तरी टाकले. म्हणजे पानं बघतच नाही.

आठ वाजता सापडलं. मग भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला.

देवधर सर. नाशिकला स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. तास संपल्यावर आम्हा पाच जणांना स्टाफरूममध्ये बसवून पोकर. पैसे नाहीत, चिंचोके. "मोठं हरलात की पुढचे दोन डाव उघडायचेच नाहीत. पानं खाली ठेवायची, पाणी प्यायचं. राग तेवढ्यात उतरतो." असं दुसऱ्या कोणाला कधी करताना पाहिलं नाही. पुण्याच्या टेबलावर मला हसायचे यावरून.

जगात दुसरं कोणी असेलही.

७ नोव्हें., शुक्रवार
सुट्टी. मंदारबरोबर समुद्रावर. वारा मस्त. तो मासे भाजणाऱ्या कुटुंबांकडे बघत होता, मी पाण्याकडे.
"कुठेयस?" म्हणाला.
"इथेच."
सरांचं नाव जिभेवर आलं होतं. त्याला सर म्हणजे फक्त आमच्या लग्नाला न आलेले एक गृहस्थ. ते आले नाहीत कारण मी बोलावलंच नाही. खेळ सोडते आहे हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. त्यांचा मेसेज आला होता, "पुढच्या महिन्यात येणार ना नाशिकला?" त्यावर मी काहीच... नंतर कळलं, त्यांची बायको गेली, नोकरीही सोडली. तेव्हाही फोन केला नाही. काय म्हणणार होते?

९ नोव्हें.
आता खात्री. टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पानावर किती लावायचं, कधी गप्प बसायचं, सगळं सरांचं. वाचताना त्यांचा आवाज येतो. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत वाचत बसले आणि एकदाही घर रिकामं वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटते.

पण एक गोष्ट सरांची नाही. शेवटच्या पैजेला हा माणूस पानं टाकतच नाही. हरलोय हे दिसत असलं तरी पैसे भरतो आणि समोरच्याची पानं बघतो. चाळीस-चाळीस सेकंद थांबतो आणि मग बघतोच. सर अगदी शांतपणे सोडायचे. "त्याच्याकडे काय होतं हे कळायलाच हवं असं नाही, अनघा." आता त्यांना कळायला हवंय.

हेच तन्मयला हवं असलेलं कच्चं. हातात काही नसताना त्याला थाप मारू नकोस, चांगली पानं असतील तेव्हा भरपूर लाव. एका ओळीत सामना संपेल.

११ नोव्हें.
रिपोर्ट पाठवला. नऊ पानं. दोन डाव टाकण्याचं लिहिलं, बारीकसारीक सगळं लिहिलं. ते एक लिहिलं नाही.

तन्मय: "ताई, तू देव आहेस."
फोन पालथा ठेवला.

१६ नोव्हें., रविवार
सामना सुरू. त्यांचे दुपारचे दोन, आमचे सकाळचे दहा. मला काही दिसत नाही, फाईल संपल्यावर येते. दोन वाजता आली. तन्मय थापा मारतोय, सर बघतायत. थाप, बघणं. थाप, बघणं. तन्मय बराच खाली.
मला आधी आनंद झाला. मग तन्मयची खोली आठवली. व्हिडिओ कॉलवर दिसते ती, गादी जमिनीवर.

१७ नोव्हें.
आज आणखी खाली. फोन आला, आवाज बसलेला.
"ताई, हा माणूस काही सोडतच नाही. तुला फायलीत हे दिसलं नव्हतं?"
मी लॅपटॉप मिटला.
"दिसलं होतं?"
"दिसलं होतं."
"मग?"
"मी त्या माणसाला ओळखते, तन्मय."
त्याने तिकडचा पंखा बंद केला. मग म्हणाला, "आणि मला ओळखत नाहीस?"

सांगितलं सगळं. थापा बंद कर, चांगल्या पानांवर वाढव, तो बघायला येतोच. नाव सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही. फोन ठेवताना ताई म्हणाला नाही.

१९ नोव्हें., बुधवार
तन्मय दोन दिवसांत सगळं भरून काढून वर. फाईल पाठवली, खाली एक शब्द नाही. त्याला आता माझी गरज नाही, पाठवायचं म्हणून पाठवली असेल. की दाखवायला.

सगळी वाचली. शेवटच्या तासात सर मोठा पॉट हरले आणि पुढचा डाव खेळले. लगेच. त्याच्या पुढचाही. पाणी प्यायलेच नाहीत.

मंदार आला तेव्हा मी रडत होते. बूट न काढता शेजारी बसला. त्यालाही सांगितलं, पहिल्यापासून. वाटलं, इकाम्याचं काढेल. म्हणाला, "पत्ता आहे का त्यांचा?"
"जुना मेल आहे."
"मग लिही की."
"काय लिहू? मीच तुम्हाला हरवलं म्हणून?"
"ते नको. कसे आहात, विचार. माणसं तेवढंच विचारतात."
मग सिंकमधली कालची भांडी त्याने घासली.

२० नोव्हें.
चार वेळा लिहून खोडलं. खेळाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही हे ठरवलं, कारण सावध केलं तर तन्मयशी परत दगा, आणि नाही केलं तर...
शेवटी गेलं ते असं: "सर, मी अनघा. हल्ली सौदीत असते, यान्बूला. बाईंचं कळलं होतं. तेव्हा लिहायला हवं होतं. तुम्ही कसे आहात?"
अकरा दहाला पाठवलं. तेव्हा ते खेळत असणार.

२१ नोव्हें., शुक्रवार
उत्तर आलंय. मंदार खाली गाडी धुतोय.

"कोणती अनघा?"

एवढंच. खाली नाव नाही.

आमच्या पाच जणांत अनघा मी एकटीच होते. नंतर आल्या असतील. विसरले असतील. किंवा बायको गेल्यावर खरंच डोक्याचं काही... ते चाळीस सेकंद. किंवा त्यांनी समोरच्याचा बदललेला खेळ दोन दिवसांत वाचलाय आणि तो कोणी शिकवला तेही. सर ना ते. किंवा नॉर्थ८ दुसराच कोणी आहे आणि सर नाशिकला बसून सकाळी सकाळी एका अनोळखी बाईचा मेल वाचतायत.

उत्तरात आडनाव लिहिलं. मग लक्षात आलं, हे सासरचं, ते त्यांना माहीत नाही. खोडून माहेरचं लिहिलं.

मंदारने खालून हाक मारली, येतेस का, जरा फिरून येऊ. आले म्हटलं. अजून पाठवलेलं नाही.