त्रेचाळीस ते पंचेचाळीस

प्रिय ताई,

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. भावोजींचा डायव्हिंगचा सिलिंडर रिकामा करून भंगारात दे, असं लिहिलंयस. ते जाऊन अकरा वर्षं झाली, आता तरी त्या लोखंडाचा मोह सोड, म्हणतेस. मोह कसला डोंबलाचा, धाक आहे तो.

कंप्रेसरच्या खोलीत तो कोपऱ्यात उभा असतो. आत जेमतेम तीन बार दाबाची हवा उरलीय. तीस मीटर खाली पाणीच तेवढं दाबतं, म्हणून ती भावोजींना श्वासात ओढता आली नाही. मोठ्या गेजवर काटा हललेला कळत नाही, म्हणून मी खुळ्यासारखा टायरची हवा मोजायचा गेज बसवला. एका बारचे साडेचौदा पीएसआय, त्यामुळे बारीक हालचालही दिसते. पहाटे त्रेचाळीस, दुपारी पत्रा तापला की पंचेचाळीस, पहाटे पुन्हा त्रेचाळीस. गरम झाली की हवेचा दाब वाढतो, हे मला का ठाऊक नाही? तरी आत कुणी श्वास घेतंय असं वाटतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.

त्या दिवशी बोट सुटायची घाई होती. भराभर हवा भरली की सिलिंडर तापतो आणि आकडा फुगतो. तो गार होऊ द्यायचा, पुन्हा बघायचं, मगच चिठ्ठी लावायची. हे मी दहाजणांना शिकवलंय. हाताला चटका बसत होता, तरी दोनशे बार लिहून मोकळा झालो. पाण्यात गार झाल्यावर पावणेदोनशेच राहिले असणार. भावोजींचा स्वतःचा गेज दुरुस्तीला दिलेला. थोडं थांबा म्हणणार होतो, तर ते हसून म्हणाले, “तू लिहिलंस ना, मग बघायचं काय?” मी सिलिंडर उचलून बोटीत ठेवला.

चौकशीत ठरलं की खाली त्यांना वेळेचं भान राहिलं नाही. तू त्यांचा फोटो कपाटात पालथा घातलास. घरी दोन लेकरं असताना माणसाला घड्याळ बघता येऊ नये, असं तू म्हणालीस तेव्हा मी तुझ्याच हातचा चहा पीत होतो. मी मान डोलावली.

त्यांचं सामान धुवायला माझ्याकडेच आलं होतं. त्यात पाण्याखाली लिहायची पाटी होती, ती मी लपवली. आज या पत्रासोबत पाठवतोय. पोलिसांकडे ने, नाहीतर मला घरापासून तोड, तू म्हणशील ते. सिलिंडर मात्र तूच येऊन उघड. पण त्याआधी तो फोटो सरळ कर. पाटीवर त्यांनी तळ सोडल्याची वेळ लिहिलीय. भावोजी ठरल्या मिनिटालाच निघाले होते, ताई.

तुझाच,
तोंड लपवून बसलेला धाकटा