जळवा लागेनाशा झाल्या

सोमवार, ३
पोचले एकदाची! जीपने हाडं खिळखिळी केली, वर दोन तासांची चढण. पण खोलीची खिडकी उघडली आणि ढग सरळ आत येऊन टेबलावर बसला, तेव्हा सगळा शीण गेला. एक लोखंडी खाट, एक कंदील, आणि मावशी. या विश्रामगृहाच्या राखणदारही त्याच, स्वयंपाकीणही त्याच. मला एकटीला बघून त्यांनी विचारलं, नवरा हरवला की सोडून आलीस? मी म्हटलं, घरीच आहे, झाडांना पाणी घालतोय. खूप हसल्या.

लेकीला शब्द दिलाय, रविवारी दुपारी घरी. सोमवारी ती नोकरीच्या गावी जाणार, तिची बॅग मीच भरायची.

मंगळवार, ४
दिवसभर जंगलात. प्रत्येक झाडाने शेवाळाचं स्वेटर घातलंय. नखाएवढे बेडूक पाहिले. बाकी सगळं माझी चाहूल लागताच पसार. लाल पोटाचा, लांब शेपटीचा पक्षी, ज्याच्यासाठी आले, तो चाळीस पावलांवरून उडाला.

संध्याकाळी मावशींनी स्टुलावर बसवून पायांची झडती घेतली. सतरा जळवा! मिठाची पुरचुंडी टेकवली की टपाटप गळतात. मावशी म्हणाल्या, बाईचं रक्त गोड आहे, जंगलाला पाहुणी पसंत पडली. मग चेष्टा थांबवून म्हणाल्या, ज्या दिवशी एकही जळू लागणार नाही, त्याच दिवशी सामान बांधायचं. उद्यावर टाकायचं नाही. का, असं विचारलं तर चुलीत लाकूड सारत राहिल्या.

बुधवार, ५
सहाच जळवा. खार बुटावरून पळाली. एक भेकर समोर येऊन खुशाल चरत राहिलं. मला ओळखू लागलेत, या कल्पनेने वेड्यासारखं भरून आलं. घरात मी खोलीत आले तरी कुणी मान वर करत नाही.

गुरुवार, ६
तो पक्षी हाताच्या अंतरावर बसला. छातीवरची पिसं मोजता आली असती.

आज एकही जळू नाही.

मावशींना सांगितलं, तीन होत्या, वाटेतच काढल्या. या वयात शाळेतल्या पोरीसारखं खोटं बोलले. एकच दिवस हवा होता अजून.

शुक्रवार, ७
बेडूक तळहातावर चढला, उतरेना. थोडा वेळ बसले असं वाटलं. उठताना पाहिलं, तर कोपर आणि झोळी यांच्यामध्ये कोळ्याने पूर्ण जाळं विणलं होतं.

उकळता चहा प्यायले. जीभ भाजली नाही. मावशींनी माझं मनगट धरलं आणि चटका बसल्यासारखं सोडलं. म्हणाल्या, पोरीचं तोंड बघायचं असेल तर आत्ता, या क्षणी नीघ. मी म्हटलं, ढग फार दाट आहे, सकाळी निघते. त्या रडायला लागल्या. इतकं काय?

शनिवार, ८
पहाटे निघाले. तेच वळण तिसऱ्यांदा. ओरडून मावशींना हाक मारली. पानं हलली, तेवढंच.

पाय जड. मिनिटभर टेकते.

रविवार — असावा
उठता येत नाही. दुखत नाही, हेच भयानक आहे. मावशी शोधत आल्या होत्या, अगदी पदर लागेल इतक्या जवळून गेल्या. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. पाहिलं आणि पुढे गेल्या.

बॅग कोण भरेल — स्वेटर खालच्या कप्प्यात आहे, तिला सापडणार नाही —

तारीख माहीत नाही
पाऊस. वही मांडीवर आहे, दोन्हींवर शेवाळ चढलंय. एक अक्षर काढायला फार वेळ —

खांद्यावर काहीतरी घरटं करतंय.

आज
लेक आलीये! किती वाळली. मावशी बरोबर आहेत. ती मला हाका मारतेय, माझ्याच समोर उभी राहून. बुटातला खडा काढायला तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिचा हात — ऊब कळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही कळलं.

तो पक्षी तिच्या बाहीवर येऊन बसला. ती हसली. मावशी तिला ओढतायत, चल म्हणतायत. ती म्हणतेय, आईला हेच बघायचं होतं, मी राहते इथे, नोकरीचं नंतर बघू —

नको. पिल्ला, हात काढ. माझ्यावरचा हात काढ आणि खाली पळ, मागे वळून बघू न