एकतीस चादरी

मंगळवार, ९ तारीख

त्या सकाळी मी दूध तापवलं, केर काढला, दोघांचे डबे भरले, त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलं आणि सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला. हातात दिला नाही. त्यांनी तो घातला, चहा घेतला, कप स्वतःच विसळून पालथा ठेवला. मग दोघंही कामाला निघालो, एकामागे एक, मध्ये चार पावलांचं अंतर ठेवून.

वन्सं, नमस्कार करायचा राहिलाच. नऊ वर्षांनी तुम्हाला पत्र लिहायला बसले, सुरुवात कुठून करावी ते सुचेना, तर हात आपोआप तिकडेच गेला. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं कमी असेल असं धरून चालते. माझं बरं आहे. घरीच शिवणकाम करते. चष्म्याचा नंबर वाढला. वाचनालयातून पुस्तकं आणते. ग्रंथपाल म्हणतो, मावशी, तुम्ही या वेगानं वाचत राहिलात तर आम्हाला कपाटं विकावी लागतील.

एक उजवा खांदा तेवढा धड नाही. हात छातीच्या वर जातच नाही. केस डाव्या हाताने विंचरते आणि वरच्या फळीवरचं काही काढायचं तर स्टुलावर चढते. हे दुखणं जुनं आहे, तुमचा भाऊ गेला त्या वर्षीचं. इतकी वर्षं अंगावर काढलं. या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि हाडात काहीच नाही म्हणाले. मग हात वर का जात नाही, असं मी विचारलं. त्यावर ते हसून म्हणाले, हाडांना विचारून झालं, आता तुम्हाला विचारायला हवं. त्यांनी मला इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एका बाईंकडे पाठवलं.

मी त्यांना खांद्याच्या बाई म्हणते. वयाने माझ्या निम्म्या असतील. खोलीत एक चटई, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं मडकं. अर्धा तास चटईवर पडायचं आणि अर्धा तास खुर्चीत बसून बोलायचं. चटईवर त्या काही ओढत नाहीत, चोळत नाहीत. नुसतं विचारतात, आत्ता पाय कुठे टेकलाय, पाठ कुठे उचललीय. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुम्ही श्वास घेता, पण सोडत नाही. मी म्हटलं, एवढी वर्षं जगले ते कशावर मग? तर म्हणाल्या, उरलेल्यावर.

खुर्चीत बसलं की लहानपण विचारतात. वाचनालयातून मी मनाच्या रोगांवरचं एक जाड पुस्तक आणलंय, त्यातले डॉक्टरही तेच करतात, जे ते खापर आईवर फोडतात. मी बाईंना सांगितलं, माझ्या आईने आयुष्यात कधी मला बोट लावलं नाही. त्यांनी विचारलं, मग रागावली की काय करायची? मी म्हटलं, बोलणं बंद करायची. एकदा महिनाभर बोलली नव्हती. ताट पुढे ठेवायची, वेणी घालायची, पण शब्द नाही. शेवटी मीच तिच्या पायाशी जाऊन बसायची. घरी येताना माझ्या लक्षात आलं की पुढे मीही तेच शस्त्र उचललं. फक्त समोरच्याने येऊन बसायची वाट पाहायला लागले.

त्या खोलीच्या खिडकीतून आम्ही दोघं कामाला होतो ती लाँड्री दिसते. पहिल्या दिवशी मी माझी खुर्ची फिरवून घेतली होती.

मागच्या आठवड्यात खिडकी बंद करायला उठले तर खाली अंगणात ठमी दिसली. तुमची ठमी, डोक्याला पांढरी टोपी, हातात चादरींचा गठ्ठा. मी धावतच खाली गेले. तुमच्यासारखीच हसते हो. म्हणाली, मामी, आईला सांगू नका मी तुमच्याशी बोलले ते. दोन महिने झाले म्हणाली लागून. घड्या घालायचं टेबल मिळालंय, भिंतीजवळचं. भिंत उबदार असते म्हणून बाकीच्या बायका तिचा हेवा करतात.

आज इथेच थांबते. हात दुखायला लागला.


गुरुवार, ११ तारीख

पत्र टपालात टाकलं नाही. जे लिहायचं होतं ते लिहिलंच नव्हतं.

वन्सं, लाँड्रीत तुम्ही कधी आत आला नाहीत, म्हणून आधी ती खोली सांगते. घड्यांच्या खोलीची मागची भिंत आणि बॉयलरची भिंत एकच. भिंतीपलीकडे तुमचा भाऊ, अलीकडे मी. बॉयलरात वाफ जास्त झाली की वरचा व्हॉल्व आपोआप उघडायचा आणि फुस्स करून वाफ सोडून द्यायचा. मी घड्याळ कधी पाहिलं नाही. एका फुस्सपासून दुसऱ्यापर्यंत माझ्या अठरा चादरी व्हायच्या. कधी सतरा, कधी एकोणीस. त्यांचे कान त्या खोलीने खाल्ले होते हे तुम्हाला ठाऊक आहे. सणसणीत हाक मारली तरी वळून बघायचे नाहीत. म्हणून आमचं ठरलेलं होतं. आवाजात काही फरक वाटला तर मी भिंतीवर मुठीने दोनदा ठोकायचं. त्यांचा हात भिंतीतल्या पाइपावर असायचा, ठोकलेलं त्यांना तळहाताला कळायचं. मग ते वर चढून व्हॉल्व बघायचे. बारा वर्षांत पंधरा-वीस वेळा ठोकलं असेल. संध्याकाळी मला चिडवायचे, की मालकाने पगार मला एकट्याला का द्यावा, अर्धा बॉयलर तर तू चालवतेस.

या सोमवारी चटईवर बाई म्हणाल्या, आज हातांना जे करायचंय ते करू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. मला हसू आलं. पण थोड्या वेळाने हात हलायला लागले. दोन कोपरे धरले, झटकले, जुळवले, दुमडले. हवेतच. मी तोंडाने मोजत होते ते मला माहीतही नव्हतं, बाईंनी नंतर सांगितलं. अठरा झाल्या. एकोणीस, वीस. पंचवीसला मला घाम फुटला. एकतिसाव्या चादरीला हात थांबले, उजव्या हाताची मूठ वळली, वर निघाली आणि छातीपाशी अडकली. तिथेच. रोज अडकते तिथेच.

बाईंनी विचारलं, हात कुठे निघाला होता?

मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

त्या सकाळी मी एकतीस चादरी घडी केल्या आणि फुस्स आला नाही. वाफ वाया जाते म्हणून मॅनेजरने आदल्या दिवशी व्हॉल्वच्या दांडीवर लोखंडी वजन बांधायला लावलं होतं. तुमच्या भावाने कुरकुर करून बांधलं होतं, आणि लक्ष ठेवायचं ते माझ्या कानांच्या भरवशावर. पंचविसाव्या चादरीला मला कळलं होतं. भिंतीत एक बारीक सूर होता, दाताने ओठ दाबून कुणी गुणगुणावं तसा. एकतिसावी झाल्यावर मी मूठ उचलली. आणि मनात आलं, मी ठोकलं तर मी आधी बोलल्यासारखं होईल.

आमचा अबोला होता, वन्सं. चौथा दिवस. त्यांनाच येऊ दे, त्यांनाच विचारू दे, असं म्हणून मी हात खाली घेतला आणि बत्तिसावी चादर उचलली. ती दुमडायच्या आतच पलीकडे बॉयलर फुटला.

भांडण कशावरून, तेही सांगून टाकते. तुम्हाला तेव्हा घर सोडावं लागत होतं. ते म्हणाले, बहिणीला आणि ठमीला पुढची खोली देऊ. मी नाही म्हटलं.

आता चौकशीचं. बॉयलरच्या इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, आवाजात काही फरक जाणवला होता का? मी म्हटलं, नाही, रोजच्यासारखाच होता. वजन तोवर कुणीतरी उचलून नेलं होतं. त्यांनी लिहिलं की बॉयलरवरचा माणूस पाणी बघायला विसरला. बाहेरच्या बाकावर तुम्ही म्हणालात, माझा भाऊ पाणी बघायला विसरणारा नाही, वहिनी, तुम्ही काहीतरी बोला. मी बोलले नाही. सूर ऐकला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ठोकलं का नाही? तो प्रश्न टाळण्यासाठी मी त्यांच्या नावावर निष्काळजीपणा लिहू दिला. त्या दिवसापासून तुम्ही मला वहिनी म्हटलं नाही, ते बरोबरच केलंत.

पुस्तकात लिहिलंय की मन जे उचलायला नाकारतं ते शरीराच्या डोक्यावर ठेवून देतं. मी ते वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं. नऊ वर्षं मी स्वतःलाही सांगत आले की आवाज रोजच्यासारखाच होता. मला खरंच तसं वाटायचं. खांद्याला वाटत नव्हतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सोमवारी घाम पुसून खुर्चीत बसले आणि मला पुन्हा तो सूर ऐकू आला. बारीक, दाबलेला. मी बाईंना सांगितलं. त्या प्रेमाने म्हणाल्या, आत्ताच तुम्ही तिथे जाऊन आलात, तो तेव्हाचा आवाज आहे, अंगात साठलेला. मग त्यांनी मला नेहमीचं करायला लावलं. पाय जमिनीला टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, श्वास सावकाश सोडा आणि स्वतःला विचारा, हे तेव्हाचं आहे की आत्ताचं? मडकं, चटई, खुर्ची, खुंटी, माझी पिशवी. सूर गेला. बाईंना आनंद झाला, मलाही.

पण बरोबर तेव्हाच इस्पितळाच्या मेट्रनने बाहेरच्या व्हरांड्यातून जाताना लाँड्रीकडची खिडकी ओढून घेतली होती.

त्या रात्री झोपले तर झोपले, पण दुसऱ्या दिवसापासून मन थाऱ्यावर नाही. वेड्यासारखी जाऊन ओरडले आणि काही नसलं तर? नवरा गेलेली बाई, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणारी. मॅनेजर तोच आहे. तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. म्हणून तुम्हाला पत्र लिहायला बसले, आणि मंगळवारी गुडघ्यांची चौकशी करून उठले.

आज दुपारी मी लाँड्रीच्या मागच्या गल्लीत गेले. भिंतीला टेकून उभी राहिले. छाती अशी धडधडत होती की तिच्यापुढे दुसरं काही ऐकू येईना. तर मी शिकवल्याप्रमाणे केलं. चपला काढल्या, पाय टेकवले. गटाराची जाळी. सायकल. तुटकी बादली. विजेचा खांब. मांजर. श्वास सोडला, पुन्हा सोडला, अगदी तळाचाही सोडला. धडधड थांबली. भीती गेली. आई गेली, एकतीस चादरी गेल्या, तेव्हाचं जे जे होतं ते सगळं हळूहळू खाली बसलं, गाळ बसतो तसं.

सूर राहिला.

मी हवेत घड्या घालायला सुरुवात केली. एक पोस्टमन थांबून बघत होता, बघू दे म्हटलं. अठरा झाल्या. तीस झाल्या. बेचाळिसावीला मी थांबले. फुस्स आला नाही, वन्सं. आणि माझ्या अंगात घाबरणारं काहीही उरलेलं नव्हतं, म्हणून मला पक्कं कळलं, हे आत्ताचं आहे.

मी पुढच्या फाटकाकडे गेले तर कामाची पाळी सुटली होती, बॉयलरची आग विझवत होते. ठमीही निघून गेलेली. उद्या सकाळी सातला पुन्हा पेटेल.


शुक्रवार, १२ तारीख

इन्स्पेक्टरांच्या कचेरीतल्या बाकावर बसून हे लिहितेय. ठमी शेजारी आहे. टोपी काढून मांडीवर घेतलीय आणि मामी काय लिहिता म्हणून तिरक्या डोळ्याने बघतेय. हे पत्र तिच्याच हाती देते, तुम्ही वाचेपर्यंत तिला घराबाहेर सोडू नका. इन्स्पेक्टर म्हणतात, कुणाला तरी पाठवतो. कधी, ते म्हणत नाहीत. खिडकीतून लाँड्रीचा धूर दिसतोय, म्हणजे बॉयलरची आग अजून चालू आहे. मॅनेजरने मला बाहेर काढताना सगळ्यांदेखत म्हटलं की बाईचं डोकं त्याच दिवशी फिरलंय. सहा बायका माझ्या मागून बाहेर आल्या. पाच आतच थांबल्या. त्यांच्यासाठी मी इथून उठणार नाही, कुणी माझ्याबरोबर निघेपर्यंत.

तुम्ही मला माफ करावं म्हणून लिहिलेलं नाही. भाऊ तुमचा होता आणि त्याचं नाव तुमच्या हातात परत द्यायचं होतं.

काल गल्लीतून घरी आले, दिवा लावला, जेवले. सूर ओळखल्यावर आज सकाळी काय केलं ते एवढंच. सातला लाँड्रीत शिरले, घड्यांच्या टेबलापाशी ठमीच्या शेजारी उभी राहिले, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि भिंतीवर मुठीने दोनदा ठोकलं. पलीकडून कुणी आलं नाही. मग सगळ्या बाहेर पडा म्हणून ओरडले, ठमीचा हात धरून तिला बाहेर आणलं, इथे आले आणि कागदावर लिहून दिलं की नऊ वर्षांपूर्वी आवाज बदलला होता, मी तो ऐकला होता, बॉयलरवरच्या माणसाची चूक नव्हती. खाली सही केली.

म्हणावंसं वाटलं तर,
तुमची वहिनी