जावयाच्या घराण्याला ‘अपूर्ण’ ठरवल्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
कातळवाडकर कुलवृत्तान्त समिती, सिंगापूर
(मुक्काम : आपलाच बुओना व्हिस्टा येथील काँडो)

विषय : ‘लेकींची घराणी’ या पुरवणीतून प्रुइट घराणे वगळल्याबाबत.
संदर्भ : आपला दि. २ जूनचा ईमेल, आणि त्यावरच्या अर्जदाराच्या प्रश्नाला आपण पाठवलेला अंगठा.

महोदय,

अर्जदार आपला सख्खा काका आहे. सिंगापुरात नवे असताना आपण चार महिने त्याच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये जेवलात. तरी ‘योग्य मार्गाने लिहावे’ अशी आपली सूचना असल्यामुळे अर्जदार आपल्याला मनोहर न म्हणता महोदय म्हणत आहे.

१. अर्जदाराची कन्या चैत्राली हिचे यजमान श्री. कॅल्विन प्रुइट हे कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. त्यांचे पूर्वज जॉर्जियात कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. हे वाक्य समितीच्या बैठकीत कुजबुजत बोलले गेले असे कळते. ते खुशाल मोठ्याने बोलावे.

२. या घराण्याची माहिती कॅल्विनरावांच्या आत्यांनी जमवली. बाई पोस्टातून निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी गावातल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देतात. जुनी थडगी त्यांनी गुडघ्यांवर बसून घासली आणि नावे वाचली. अर्जदाराची अकरा वर्षांची नात अश्लेषा व्हिडिओ कॉलवरून त्यांची मदतनीस झाली. १८७० च्या जनगणनेत जेम्स प्रुइट, वय चौदा, हे नाव सापडले. त्याआधीच्या १८६० च्या गुलामांच्या यादीत फक्त मालकाचे नाव आहे आणि त्याखाली ‘स्त्री, तीस, काळी. मुलगा, चार, काळा.’ तो मुलगा म्हणजे जेम्सच, असे अश्लेषाने लिहिले, तर आत्याबाईंनी तिला ते खोडून ‘बहुधा’ लिहायला लावले. हे सगळे अश्लेषाने पासिर रिसच्या वाचनालयात लोकांपुढे मांडलेही.

३. समितीचा शेरा : ‘मूळ पुरुषाचे नाव नाही. नियम ९ नुसार अपूर्ण. त्याऐवजी फक्त अमेरिका असे लिहावे.’ याच पुरवणीत श्री. परेश यांच्या जावयाचे घराणे सोळा पिढ्यांसह थेट एका किल्लेदारापर्यंत पोचले आहे. त्याला पुरावा काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक फोटो. त्यात ‘बहुधा’ हा शब्द कोठेही नाही. समितीला तो शब्द माहीत नसावा. छातीठोक थाप चालते आणि प्रामाणिक रिकामी जागा चालत नाही, असे धोरण असेल तर तसे प्रस्तावनेत नमूद करावे, म्हणजे वाचकांचा वेळ वाचेल.

४. आपला शेरा वाचून अश्लेषाने आपल्याच कुलवृत्तान्ताची पहिली आवृत्ती काढली. आपले मूळ पुरुष विश्राम यांच्या पुढे ‘पत्नी’ या शब्दानंतर एक आडवी रेघ आहे. त्यांच्या मुलाला ‘कन्या ३’, नातवाला ‘कन्या २, पैकी १ मृत’. पाच पिढ्यांत एकाही बाईला नाव नाही. पोरीने १८६० ची यादी आणि आपले पान जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, “आजोबा, धिस लेडीज ऑल्सो नो नेम. दे ऑल्सो स्लेव्ह, आह?”

अर्जदाराने तिला सांगितले की तसे नाही, बाळ. तिच्या बाबांच्या माणसांची नावे त्यांना विकणाऱ्यांनी लिहिली नाहीत. आपल्या बायकांची नावे त्यांच्या हातचे जेवणाऱ्या मुलांनी आणि नातवंडांनी लिहिली नाहीत. हे सांगताना अर्जदाराला घाम फुटला. एसी चालू होता.

५. आता नियम ९. तो दाखवून आपण हात वर करता, म्हणून सांगणे भाग आहे. २०१२ साली समितीचा कार्यवाह अर्जदार स्वतः होता. चैत्रालीने कॅल्विनरावांचा फोटो पाठवला त्याच आठवड्यात अर्जदाराने हा नियम लिहिला. मुलगा काळा आहे म्हणून नको, हे लेकीला तोंडावर सांगण्याची हिंमत नव्हती, म्हणून नियम केला. समितीने तो एकमताने, चहा थंड होण्याच्या आत मंजूर केला. नियम कशासाठी, हे कोणीही विचारले नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होते. आपण तेव्हा सर्वांत आधी हात वर केला होता. अर्जदाराला आपली किळस येते, परंतु आपला नंबर दुसरा आहे.

६. सबब, नियम ९ रद्द करून प्रुइट घराणे त्या निनावी बाईपासून छापावे, ‘बहुधा’सकट. ते जमत नसेल, तर तोच नियम विश्रामाच्या पानाला लावून अख्खे पुस्तक अपूर्ण ठरवावे. निर्णय येत्या रविवारच्या आत कळवावा. रविवारी चैत्राली, जावई आणि अश्लेषा जेवायला येणार आहेत. नियम कोणी केला, असे अश्लेषाने दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा अर्जदार उठून पाणी प्यायला गेला.

आपला काका, व तूर्त अर्जदार,
पद्माकर कातळवाडकर
(निवृत्त मरीन इंजिनिअर)
मरीन परेड, दि. १२ जून २०२५

सोबत :
१) प्रुइट घराण्याचा तक्ता, अश्लेषाच्या अक्षरात.
२) १८६० च्या यादीची प्रत.
३) नियम ९ चा मूळ मसुदा, अर्जदाराच्या अक्षरात. याची एक प्रत चैत्रालीला आज पोस्टाने पाठवली आहे.