आमच्या घराण्याला न चालणारं इंजेक्शन

अप्पा, तुम्हाला बधिर करायच्या इंजेक्शनची ॲलर्जी नव्हती. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना माझं डोकं फिरेल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी आपल्यातलं कोणी दाताच्या डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य तुमचंच निघतं, आमच्या घराण्याला हे इंजेक्शन चालत नाही. घराण्याला! अहो, झालं होतं एकट्या तुम्हाला, तेही एकदाच. पहिली शिफ्ट संपवून उपाशीपोटी तुम्ही दापोडीच्या दवाखान्यात दाढ काढायला गेलात, सुई टोचल्यावर छाती धडधडायला लागली, हात थरथरले, घाम फुटला, आणि दाढ तशीच घेऊन घरी आलात. आई सांगते, उंबऱ्यातच बसलात आणि म्हणालात, आज मेलोच होतो. झालं. तेव्हापासून आईने, आत्याने, काकांनी, मी, कोणीच ते इंजेक्शन घेतलं नाही. आईच्या दाढा लवंगा धरून धरून एकेक करत गेल्या. आता ती भाकरी दुधात कुस्करून खाते आणि वर मलाच विचारते, ह्यांना काय खोटं बोलायची हौस होती का?

गेल्या महिन्यात माझ्या लेकीची दाढ किडून गाल सुजला. नऊ वर्षांची पोर. रहाटणीतल्या डॉक्टरबाईंसमोर मी सवयीने तेच वाक्य म्हणाले. त्यांनी विचारलं, कोणाला झालं, नेमकं काय झालं, किती वेळ? मी तिथूनच आईला फोन लावला. अंगावर पुरळ आलं होतं का? नाही. ओठ सुजले? नाही. श्वास अडकला? नाही. मग धडधड थांबली कधी? आई म्हणाली, दवाखान्यातच, थोड्या वेळानं. मग बाईंनी समजावलं. बधिर करायच्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, आपण घाबरलो की शरीरात तयार होतं तेच. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं, रक्त कमी येतं. पण ते चुकून थेट रक्तात गेलं तर काही मिनिटं छाती अशीच धडधडते. ते ॲड्रेनालिन खराब होऊ नये म्हणून आणखी एक रसायन घालतात, ते दम्याच्या काही पेशंटना त्रास देतं, म्हणून दम्याचंही विचारून घेतलं. तरी नुसत्या फोनवर विसंबल्या नाहीत. सुजेवर औषधं दिली आणि लेकीला ॲलर्जीच्या तपासणीला पाठवलं. काही निघालं नाही. आणि ऐका, ॲड्रेनालिन नसलेलं इंजेक्शनही मिळतं. तेव्हाही मिळायचं.

काय म्हणावं तुम्हाला? कंपनीत तुम्ही तपासणी खात्यात. एक पिन वाकडी निघाली तर कोणतं मशीन, कोणाची शिफ्ट, कोणता माल, हे सापडेपर्यंत फोरमनला जेवू देत नव्हतात. मी आज चाकणला तेच काम करते, तुमच्याकडूनच शिकले. रोज पोरांना ओरडते, कारण सापडल्याशिवाय लॉट रिजेक्ट करायचा नाही. आणि तुम्ही एका सुईवरून अख्खं घराणं रिजेक्ट करून मोकळे झालात!

माझ्या गुडघ्याचं तर मी जन्मभर ऐकवत आलेय. दहा वर्षांची होते, चिखलीत वर्कशॉपबाहेर पत्र्याच्या कातरणावर पडले आणि गुडघा फाटला. सात टाके, तेही बधिर न करता. तुम्ही दोन्ही हातांनी माझा पाय दाबून धरलात. सासरी, कंपनीत, जिथे विषय निघेल तिथे मी हे सांगते. लोक हळहळतात, काय माणूस होता म्हणतात, आणि मला बरं वाटतं.

काल लेकीची दाढ काढली. टोचताना तिने डोळे मिटले, थोड्या वेळाने ओठ जड झाला म्हणून हसायला लागली, आणि दाढ निघाली तेव्हा तिला कळलंही नाही. मी मात्र खुर्चीशेजारी उभी राहून घामाघूम. रिक्षात तिने गालावर रुमाल धरून विचारलं, "आजोबांना कोणी सांगितलंच नव्हतं का, दुसरं इंजेक्शन असतं म्हणून?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले, अप्पा. चिखलीच्या त्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही इंजेक्शन चालत नाही म्हणालात, तेव्हा त्यांनीही खोदून खोदून विचारलं आणि दुसरी बाटली काढून दाखवली. तुम्ही चष्मा लावून तिच्यावरचं वाचलंत आणि म्हणालात, द्या मग. मीच तुमचा शर्ट धरून किंचाळले, नको, मी मरेन. तुम्ही दोनदा समजावलंत, मी तुमच्या हाताला चावले. मग तुम्ही म्हणालात, "राहू द्या डॉक्टर, तसंच शिवा. मी धरतो." आणि धरताना तोंड भिंतीकडे फिरवलंत. त्यानंतर घरात कोणाला इंजेक्शन घ्या म्हणायची हिंमत तुम्हाला झाली नसेल. एवढा भाग मी आजवर गाळत आले. हे पत्र आईला वाचून दाखवायचं, तिचे डोळे उघडायचे, म्हणून लिहायला बसले होते. आता नाही दाखवणार.