टोपीबाबाचं पान

प्रिय आये,

काल बाबा, सदू आणि मी नाशिकहून परत आलो. तुझ्या अस्थी रामकुंडात सोडल्या आणि तिथेच असं काही कळलं, की ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी लिहिते. जिवंत असतीस तर वाचून दाखवलं असतं आणि तू म्हणाली असतीस, "ऱ्हाऊ दे सुमे, आता काय त्याचं."

राहू देणार नाही.

आठवतं, तुझा सदू सहा महिन्यांचा झाला तरी त्याचे डोळे काळे होईनात. उलट मांजरासारखे घारे दिसायला लागले. बाबा लूमवरची शिफ्ट संपवून आले, त्याला दारातल्या उजेडात धरलं आणि विचारलं, "हे डोले कोनाचे?" तू हसलीस. तुला वाटलं, कौतुकाने विचारतायत. आणि मी, आठ वर्षांची शहाणी, मध्येच बोलले, "बांगडीवाल्या मामाचे पन असेच हायत."

त्याने मला दोन लाल बांगड्या फुकट दिल्या होत्या, म्हणून तो लक्षात राहिला होता. एवढंच गं.

बाबांच्या पिशवीत लूमवरचं जुनं शटल होतं. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. ते आधी तुझ्या भुवईवर बसलं. मग तुझे हात उंबऱ्यावर दाबून धरून त्यांनी बांगड्या फोडल्या, एकेक करून. काच मांसात गेली. मी सदूला पोटाशी घेऊन कणगीमागे बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. बांगडीवाल्याला त्यांनी दापोड्याच्या रस्त्यावर गाठलं आणि इतकं मारलं, की तो पुन्हा आपल्या दिघाशीत दिसला नाही. तूही नंतर काच घातली नाहीस. प्लॅस्टिकच्या दोन, बस.

तुझे हात सुजलेले होते तरी त्या सर्वपित्री अमावास्येला तू टोपीबाबाचं पान केलंसच. भात, उकडलेलं अंडं आणि एक मेणबत्ती. आपल्या बांधावरचा तो टोपीसारखा दगड. शेताचा राखणदार, असं सगळे म्हणायचे. तो राखणदार तुला का नाही राखत, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

ते एकदाच होऊन थांबलं असतं तर! सदूला शाळेत घातलं त्या दिवशी मास्तरांनी "पोरगा साहेब दिसतो" म्हटलं, आणि संध्याकाळी तुझा दात पडला. तू वडप्याला माहेरी, मामाकडे का निघून गेली नाहीस? याचा राग अजून आहे मला. पण माझं मी काय केलं? चौदाव्या वर्षी तुला तोंडावर विचारलं, "आये, खरं काय ते सांग." तू तांदूळ पाखडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तू बी?" त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही.

आता नाशिकचं ऐक. उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि लाल कापडात बांधलेली वही काढली. घराण्यातला जो कोणी तिथे जातो, त्याची आणि त्याच्या मागच्यांची नावं त्यात लिहून ठेवतात. बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं. उपाध्ये मागे मागे जात वाचू लागले. एका नावाची माणसं फार, म्हणून नावापुढे खूण लिहिलेली. गोमा लंगडा. पोशा घारा. त्याच्या मागे धर्मा घारा. आणि सगळ्यात वर, "मूळपुरुष टोपकर. फिरंग्यांबरोबर वसईस आला. किल्ला पडल्यावर परत न जाता दिघाशीस घर केले."

"टोपकर म्हंजे?" सदूने विचारलं.

"टोपीवाला, गोरा," उपाध्ये म्हणाले. "तुमचे डोळे त्यांचेच की."

बाबा ओरडले, "खोटं हाय!" आणि पान फाडायला त्यांनी वहीवर झडप घातली. सदूने त्यांची मानगूट धरली, पायऱ्यांवरून फरफटत खाली नेलं आणि त्यांचं डोकं पाण्यात दाबलं. तिथे तुझी राख अजून तरंगत होती. "आता बोल, हे डोले कोनाचे? बोल!" मी दोन पायऱ्या वर उभी होते. मी धावले नाही, आये. बाबांचे हात पाण्यावर आपटत होते आणि मला बरं वाटत होतं.

मग मला सदूचा हात दिसला. कोपर तसंच वर, मूठ तशीच, अंगठा आत दाबलेला. डोळे टोपकराचे असतील, हात बाबांचा होता. आणि घरी त्याच्या बायकोला, रेखाला, सातवा महिना आहे. मी खाली उतरले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तेव्हा त्याने सोडलं.

गाडीत, कसारा घाट उतरताना बाबा एवढंच पुटपुटले, "टोपीबाबा." आणि मला भडभडून आलं. सर्वपित्रीला आपण राखणदाराला कशाला जेवू घालू? पान पितरांचं असतं. ज्याच्या डोळ्यांपायी तू जन्मभर मार खाल्लास, त्यालाच तू दरवर्षी भात वाढत होतीस.

ते शटल अजून फळीवर आहे. येत्या सर्वपित्रीला मी ते चुलीत घालणार आहे आणि त्याच जाळावर भात शिजवणार आहे. पहिलं पान तुझं. ते बाबा वाढतील, सगळ्या आळीसमोर, आणि वहीत काय लिहिलंय ते त्यांच्या तोंडाने सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगेन. सदूच्या हातांवर माझी नजर राहील.

आणि रेखाचं बाळ बघायला कोणी आलं, त्याने "डोले कोनाचे?" विचारलं, तर उत्तर मीच देईन. या वेळी नीट देईन.

तुझी,
सुमी